वाटेचे शब्द : तगर-तेरच्या निमित्तानें पादचाऱ्यांच्या मार्गदर्शनाचा विचार

पैठणाहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर आहे, अशा अर्थाची एक ओळ इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत आली आहे. ग्रंथकार अनामिक आहे. तो बहुधा ईजिप्तमध्यें राहणारा ग्रीक व्यापारी असावा. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, एवढेंच तो सांगतो. या एवढ्याशा मजकुरानें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठमोठ्या पंडितांस हिंडविलें. विल्फर्डनें तगर देवगिरीस नेलें, बर्जेसनें वेरूळजवळच्या रोज्यास, पंडित भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नरास, आणि सर रामकृष्णपंत भांडारकरांनीं धारूरास. १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं तें आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठच्या तेर गांवीं आणून ठेविलें, आणि तेथें तें स्थिर झालें.

हा इतिहास या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं, आणि तगर म्हणजेच तेर हें पुन्हां सिद्ध करण्याचाहि प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. पायीं चालणाऱ्यास वाट सांगण्याकरितां माणसानें जे शब्द वापरले, त्यांतील टिकाऊ कोणते आणि ठिसूळ कोणते? जुन्या लेखांवरून स्थलनिश्चय करूं पाहणाऱ्या आम्हां मंडळींस या प्रश्नाचें उत्तर पाहिजे. कारण वाटेचे शब्द वाचण्याची रीत चुकली कीं तेरणाकांठचें नगर जुन्नरास जाऊन बसतें.

प्रथम अंतर पाहूं. भडोच ते पैठण रस्त्यानें सुमारें २४० मैल भरतें. वीस दिवसांनीं भागिल्यास रोजची मजल बारा मैल. पैठण ते तेर सुमारें १०० मैल. दहा दिवसांनीं भागिल्यास रोजची मजल दहा मैल. लादलेल्या बैलांच्या तांड्यास चढउताराच्या मुलखांत दहा-बारा मैलांची चाल अगदीं स्वाभाविक आहे. तेव्हां दिवसांची गणना बरोबर उतरते. आतां दिशा पाहूं. पैठण हें भडोचच्या दक्षिणेस नसून आग्नेयेस आहे. तेर हें पैठणाच्या पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना आग्नेयेहूनहि थोडें दक्षिणेकडे कललेलें आहे. म्हणजे दोनहि टप्प्यांच्या दिशा नकाशावर चुकतात, आणि त्याहि परस्परविरुद्ध बाजूंस चुकतात.

ग्रंथकार बेफिकीर होता असें म्हणून हा प्रश्न मिटवितां येईल. मला तसें वाटत नाहीं. भडोच नर्मदेच्या उत्तरतीरावर आहे. तेथून दख्खनेंत येणाऱ्याचें पहिलें काम नदी उतरून दक्षिणेस लागणें हें. पैठण गोदावरीच्या उत्तरतीरावर आहे आणि नदी तेथून एकंदरींत पूर्वेकडे वाहत जाते. तगरास निघालेला तांडा पहिल्या कांहीं मजला नदीच्या अनुरोधानें पूर्वेकडे चालून मग दक्षिणेस उतरत असावा, असें माझें अनुमान आहे. व्यापाऱ्यानें ‘वाट कोणीकडून?’ म्हणून विचारलें असेल, आणि सांगणाऱ्यानें वेशींत उभें राहून हात केला असेल. गांवाबाहेर पडतांना तोंड जिकडे होतें ती वाटेची दिशा; गांव जेथें आहे ती नकाशाची दिशा. लांबच्या प्रवासांत या दोहोंची गांठ क्वचितच पडते. पंडितांनीं पहिलीस दुसरी समजून वाचलें, किंवा ती जुळेना म्हणून अजीबात टाकून दिली. देवगिरी पैठणाच्या उत्तरेकडे तीनएक दिवसांच्या चालीवर आहे; जुन्नर पश्चिमेस आहे. दिशा, आणि देवगिरीच्या बाबतींत अंतरहि, सोडल्यावांचून हे पक्ष उभे राहत नाहींत. भांडारकरांचें धारूर बाजू धरून आहे, पण तें पासष्ट मैलांच्या आसपास पडतें. दहा दिवस पुरे होत नाहींत. फ्लीटच्या हातीं ‘तगर’ पासून ‘तयर’, ‘तेर’ असा गकारलोपाचा सरळ प्राकृत मार्ग होता हें खरें. परंतु त्यानें दिवस घट्ट धरले आणि दिशा सैल सोडली, हेंहि त्याच्या यशाचें एक कारण आहे.

नगराबाहेरच्या वाटेचें हें झालें. नगराच्या आंत वाट सांगणें निराळें. गेल्या हिवाळ्यांत एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर तेरास गेलों होतों. त्रिविक्रमाच्या देवळांत, म्हणजे हेन्री कझिन्स यांनीं वर्णिलेल्या त्या गजपृष्ठाकार विटांच्या प्राचीन वास्तूंत, आम्हीं उभे होतों. विद्यार्थ्याच्या हातीं मोबाइलवरील नकाशा होता. बाहेर अंगणांत आमचा ठिपका जागच्या जागीं होता. आंत आल्यावर तो हळूहळू भिंतींतून पार होऊन मागच्या गल्लींत जाऊन उभा राहिला. विद्यार्थी खजील झाला. तेथून उत्तरेश्वराकडे निघालों तेव्हां ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईस मीं वाट विचारली. ती म्हणाली, “मास्तर, असंच खाली जावा, अन् ती चिंच हाय ना, तिथनं वळा.” आम्हीं खालीं गेलों. चिंच दिसेना. परत येऊन विचारलें, तर ती म्हणाली, “आवो, ती पडली की. लई वर्षं झाली. पर वळायचं तिथनंच.”

यंत्राचा ठिपका भिंतींतून पार झाला आणि बाईची चिंच पडून गेलेली निघाली. दोघांचें साधन एका अर्थीं सारखेंच फसलें. तथापि बाईचें उत्तर मला अधिक विचार करण्याजोगें वाटलें. कारण आमच्या पोथ्यांतील निम्मीं स्थलवर्णनें या पडलेल्या चिंचेच्या जातीचीं आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें झाड आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मोकळी जागा.

प्राचीनांस ही अडचण ठाऊक होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचें प्रकरण आहे. तेथें सीमेवर वड, पिंपळ, पळस असे वृक्ष लावावे, तळीं-विहिरी कराव्या असें सांगून स्मृतिकार थांबत नाहीं. दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या यांसारख्या लवकर न कुजणाऱ्या वस्तु जमिनींत पुरून गुप्त खुणाहि ठेवाव्या असें सांगतो, आणि कारण हें देतो कीं सीमेविषयीं लोकांत नेहमीं भ्रम होतो. दिसणारी खूण वाटसरूकरितां. पुरलेली खूण पुढच्या पिढीच्या तंट्याकरितां. वाटेवर खुणा रोवण्याचें काम सरकारनें अंगावर घेतल्याचा जुना उल्लेख मेगॅस्थनीसचा आहे: मौर्यांचे अधिकारी रस्ते बांधीत आणि दर दहा स्टेडियमांवर, म्हणजे मैलाहून थोड्या अधिक अंतरावर, फाट्यांच्या वाटा व अंतरें दाखविणारे खांब उभारीत, असें स्ट्रॅबोनें त्याच्या आधारें लिहिलें आहे. हल्लींच्या पाटीचा हा पणजोबा समजण्यास हरकत नाहीं.

व्याकरणहि या विषयीं मुकें नाहीं. पाणिनीनें दिशावाचक शब्दांस जे प्रत्यय सांगितले आहेत, त्यांत ‘एनप्’ हा जवळचें असेल तेव्हां होतो, आणि दक्षिण व उत्तर या शब्दांस ‘आहि’ हा दूरचें असेल तेव्हां होतो. ‘दक्षिणेन’ म्हटलें कीं दक्षिणेस, पण हाकेच्या टप्प्यांत; ‘दक्षिणाहि’ म्हटलें कीं दक्षिणेस, आणि लांब. आज मराठींत आपण दोहोंसहि ‘दक्षिणेस’ म्हणतों. जवळची दिशा आणि लांबची दिशा या दोन निराळ्या वस्तु आहेत हें त्या भाषेनें प्रत्ययांतच बांधून ठेविलें होतें. आणि वर पेरिप्लसच्या बाबतींत जो घोटाळा आपण पाहिला, तो लांबची दिशा जवळचीसारखी वाचल्याचाच आहे.

‘एनप्’ चें उदाहरण म्हणून मेघदूतांतील यक्षाच्या घराचा श्लोक मीं तीसएक वर्षें वर्गांत शिकविला. कबूल केलें पाहिजे कीं त्यांत प्रत्यय दिसला, पण तो घराचा पत्ता आहे हें कधीं लक्ष्यांत आलें नाहीं. यक्ष मेघास सांगतो तो क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं अलकानगरींतील सर्वांस ठाऊक असणारें घर, कुबेराचें. त्याच्या उत्तरेस, जवळच, आपलें. मग दुरून दिसणारें इंद्रधनुष्यासारखें तोरण. मग जवळ आल्यावर हाताशीं येणारा लहान मंदार, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, क्रीडाशैल, तांबडा अशोक आणि बकुळ. आणि शेवटीं अगदीं दारापाशीं आल्यावर दिसणारीं शंख व पद्म यांचीं चित्रें. मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे, दुरून दिसणारीकडून हातास लागणारीकडे. पत्ता सांगण्याची याहून शास्त्रशुद्ध रीत मला ठाऊक नाहीं.

परंतु अलका ही कविकल्पना. प्रत्यक्ष गांवांतून, प्रत्यक्ष देवळांतून, अमुक खांबापर्यंत पादचाऱ्यास नेणारा ग्रंथ मराठींत आहे. आणि तो काव्य नसल्यामुळें आमच्या वाङ्मयेतिहासांत त्याला कोपऱ्यांतील जागा मिळाली आहे. ती महानुभावांची ‘स्थानपोथी’ होय.

श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकांत महाराष्ट्रांत पायीं हिंडले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्रां’त गोळा केल्या; आणि ज्या ज्या ठिकाणीं त्या घडल्या, तीं ठिकाणें मागाहून येणाऱ्या पंथीयांस चालत जाऊन सांपडावीं, म्हणून चौदाव्या शतकांत स्थानपोथी सिद्ध झाली. परंपरा तिचें कर्तृत्व मुनिव्यास कोठी यांजकडे देते. डॉ. वि. भि. कोलते यांनीं ती संपादून प्रसिद्ध केली. पुढें अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनें महाराष्ट्राच्या धार्मिक भूगोलाचा अभ्यास करितांना तिचा चांगला उपयोग केला.

या पोथीचें प्रयोजन ध्यानांत घेतलें म्हणजे तिची बारीकसारीक मांडणी उलगडते. स्वामी जेथें पुष्कळ दिवस राहिले तें अवस्थान, जेथें रात्र काढिली ती वसति, जेथें बसले तें आसन. पंथीयास नमस्कार करावयाचा तो त्या जागेस; शेजारच्या जागेस करून चालत नाहीं. त्यामुळें ‘अमुक गांवीं देवळांत’ एवढ्यानें भागत नाहीं. देऊळ गांवाच्या कोणत्या बाजूस, त्याचें तोंड कोणीकडे, आवाराची भिंत म्हणजे पौळ, तिचा दारवठा, आंतील चौक, पटिशाळ, आणि तीत कोणत्या अंगास ती जागा, असें उतरत उतरत जावें लागतें. यक्षाचीच रीत, पण विटा-दगडांच्या घरांत. येथें दिशा पुन्हां येतात. आणि येथें त्या चुकत नाहींत, कारण त्या दहा दिवसांच्या वाटेवर ताणलेल्या नसून दारापासून भिंतीपर्यंतच्या आहेत. दूरच्या अंतरास दिवस विश्वसनीय, जवळच्या अंतरास दिशा विश्वसनीय. पेरिप्लस आणि स्थानपोथी शेजारीं ठेवून वाचल्यावर माझ्या हातीं लागलेला नियम तो हा. संशोधकांनीं तो आपापल्या कागदांवर घासून पाहावा.

दिशा टिकली तरी भिंत टिकतेच असें नाहीं. देवळें पडलीं, गांवें हललीं, पटिशाळा गेल्या. स्थानपोथीचे शब्द त्या ठिकाणीं तेरच्या चिंचेप्रमाणें लोंबकळत राहिले असते. परंतु पंथानें त्या जागांवर ओटे बांधिले. देऊळ गेलें तरी ओटा राहिला, आणि पोथी व ओटा हीं परस्परांची साक्ष झालीं. मनूनें पुरावयास सांगितलेल्या खापऱ्यांचें काम या ओट्यांनीं जमिनीवर केलें. ज्या संप्रदायानें आपलें ग्रंथभांडार सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कुलुपबंद करून ठेविलें, त्याच संप्रदायानें आपल्या लोकांकरितां मार्गदर्शनाचें इतकें उघड साधन उभें करावें, यांत विसंगति दिसते. पण ती नाहीं. वाट ज्याच्या हातीं असते तो ती आपल्यास दाखवितो आणि परक्यापासून झांकतो.

किल्ल्यांच्या दारांत हें डोळ्यांनीं पाहावें. आमच्या जिल्ह्यांत परांडा आणि नळदुर्ग हे दोन थोर भुईकोट आहेत. अशा कोटांत एका दारांतून शिरलेल्यास पुढचें दार समोर दिसूं नये, वळावें लागावें, आणि वळतांना अंगावर तटाचा मारा यावा, अशी योजना असते. राबत्यांतल्या शिपायास ती वाट पाठ. नवख्याची मात्र दिशाभूल. नळदुर्गास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल केला. तें काम १६१३ सालीं पुरें झालें. बांधाच्या पोटांतील त्या जिन्यानें उतरतांना, पावसाळ्यांत डोक्यावरून पाण्याचा लोट जात असतां, आपण नदीच्या कोणत्या अंगास आहों हें क्षणभर उमजत नाहीं. आंत शिरलेल्या माणसाची दिशा किती लवकर हरवते याचा असा प्रत्यय अन्यत्र विरळा.

मोबाइलवरील वाटाड्याचाहि हाच इतिहास आहे. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकन उपग्रह आपापली वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांच्या वेळांतील अंतरांवरून आपण कोठें आहों हें यंत्र काढतें. मूळ योजना लष्करी. म्हणून इतर जनांस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि तीमुळें ठिकाण शंभर मीटरपर्यंत हललेलें दिसे. ही चूक मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली. कोटाचें वळणदार दार आकाशांत बांधलें होतें, एवढाच भेद! उघड्या मैदानावर आज साधा मोबाइल पांचएक मीटरांच्या आंत जागा सांगतो.

छपराखालीं मात्र त्या क्षीण लहरी पोंचत नाहींत, किंवा भिंतींवर आपटून वांकड्या येतात. त्रिविक्रमाच्या देवळांत ठिपका गल्लींत गेला तो यामुळें. मोठे विमानतळ, रुग्णालयें, बाजार यांच्या आंत वाट दाखविण्याकरितां दुसऱ्या युक्त्या काढल्या आहेत, आणि त्या पाहून आमच्यासारख्या जुन्या माणसास मौज वाटते. मोबाइलमधील एक बारीक यंत्र पावलें मोजतें, दुसरें चुंबकावरून दिशा पाहतें, आणि इतकीं पावलें या दिशेस गेलों म्हणून हिशेब करितें. म्हणजे पेरिप्लसचीच रीत. दिवसांच्या जागीं पावलें. प्रत्येक पावलास थोडी चूक होते आणि ती साठत जाते. म्हणून मधून मधून भिंतींवर लहान बिनतारी दीपिका बसवितात, अथवा इमारतींतील वायफायच्या लहरींचा आधार घेतात. त्या ठराविक खुणेपाशीं आलें कीं हिशेब पुन्हां शून्यापासून सुरू. हे या युगाचे ओटे. आणखी एक गोष्ट: गूगल कंपनीनें २००९ च्या अखेरीस आपल्या नकाशांत हिंदुस्थानाकरितां रस्त्यांच्या नांवांबरोबर देऊळ, पेट्रोल पंप अशा खुणांवरून वाट सांगण्याची सोय केली, कारण येथील माणूस रस्त्याच्या नांवावरून वाट ना सांगतो ना समजतो. तेरच्या बाईस हें कोणीं शिकवावें लागलें नसतें.

आमच्या कामाशीं याचा संबंध असा. दप्तरें चाळतांना सनदा, महजर, वंशावळी आम्हीं जपून उचलतों. मुक्कामांच्या याद्या, यात्रेचे टिपणकागद, पंड्यांच्या वह्यांतील वाटेचीं पानें बाजूस टाकितों, कारण त्यांत ना राजा ना तिथि. एका घरीं काशीयात्रेच्या मजलांची मोडी यादी पोथीच्या वेष्टणास आंतून चिकटविलेली मीं पाहिली. घरच्यांनीं पोथी जपली होती आणि यादी खळीनें भिजवून वाया घालविली होती. मीं स्वतः नोकरीच्या काळांत असे कांहीं कागद हातीं येऊन परत दिले आहेत आणि नक्कल करून घेतली नाहीं. तीं घरें आज उभीं नाहींत. स्थलनामकोश करणाऱ्यास तीं पानें सनदेइतकीं मोलाचीं असतीं. कारण सनदेंत गांवाचें नांव असतें, आणि यादींत त्या गांवांतून बाहेर कसें पडावें तें असतें. नांवें तर बदलतात. आमच्या जिल्ह्याचेंच ‘उस्मानाबाद’ जाऊन ‘धाराशिव’ २०२३ सालीं अधिकृत झालें, आणि जुन्या नकाशावरून नवें नांव शोधणारा उद्यां अडखळणारच.

माझ्या संग्रहीं अशी एकच यादी आहे, चार पानांची, मोडींत. एका खेड्यांतून तुळजापुरास पायीं जाण्याची. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराकडून जे लोक रात्रभर चालत येतात त्यांस यादी लागत नाहीं. पुढच्याच्या पाठीवर नजर ठेविली कीं झालें. ही यादी एकट्या-दुकट्यानें आडवाटेनें जाण्याची आहे. पिंपळ, मारुती, ओढा, पाटलाचा वाडा, बारव, पुन्हां मारुती, असा क्रम. मधें मधें ‘सकाळची सावली पुढें’ किंवा ‘दुपार उजवीकडे’ अशी टांचणें. दोन वर्षांपूर्वीं ती हातीं घेऊन मीं ती वाट चाललों. पिंपळ गेला आहे. वाड्याच्या जागीं पत्र्याचें गोदाम आहे. ओढ्यावर पूल झाला, त्यामुळें उताराची जागा सांपडण्यास तासभर गेला. मारुती दोनहि आहेत, शेंदराचा थर मात्र वाढला आहे. बारव अर्धी बुजली आहे, तरी पायऱ्या दिसतात. यादींत तिच्यापुढें लिहिलें आहे कीं पाण्याकडे पाठ करून उभें राहावें आणि उजव्या हाताची वाट धरावी. तेथें आतां बांध आहे आणि बांधावर बाभळी आहेत. पण त्यांच्यामधून पायवाट आहे, आणि ती तुळजापुराकडेच जाते.